अण्णांच्या दाढीचं पार्श्वसंगीत

द्राक्षं आली की मला अजूनही परीक्षेची भीती वाटते. शेवटचा पेपर देऊन युगं लोटली, मध्ये मीच कितीतरी वर्षं मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं, त्यांचे पेपर काढले आणि तपासले. तरी फेब्रुवारी सरत आला, हातगाड्यांवर घडांचे ढीग चढले, की अजून दोन धडे राहिलेत, असं कुणीतरी आतून सांगतं. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाचा यात दोष नाही. आमच्याकडे द्राक्षांची तोड आणि विद्यापीठाचं वेळापत्रक एकाच सुमाराला लागतं. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, बोटांना द्राक्षाच्या रसाचा चिकटपणा आणि पुस्तकाच्या पानांवर त्याच बोटांचे ठसे. माझ्या प्रकाशशास्त्राच्या पुस्तकाला मुंग्या लागायच्या. अभ्यासाची एवढी गोडी वर्गात दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाला नव्हती.

यंदा द्राक्षांबरोबर सई आली. सई माझ्या धाकट्या भावाची मुलगी, पुण्याला कॉलेजात शिकते. तिला एक छोटी फिल्म करून द्यायची होती आणि तिनं ती मोबाइलवर केलीही होती. राहिलं होतं फक्त संगीत. फोनमध्ये संगीताची तयार यादी, आणि डब्यांवर हळद-तिखटाच्या चिठ्ठ्या लावतात तशा त्यावर चिठ्ठ्या: सॅड, हॅपी, होपफुल, रोमँटिक.

“आत्या, यातलं कुठलं सॅड लावू?”

“कुणाला दुःख झालंय?”

“अगं, कुणाला नाही. सीन सॅड आहे.”

“सीनमध्ये काय आहे?”

“एक आजोबा एकटेच चहा पितायत.”

“मग? चहा बिघडलाय का?”

ती हसली नाही. एकट्यानं चहा पिणारा माणूस दुःखी असतो, हे या पोरीला कुणी सांगितलं कोण जाणे. मी रोज एकटी चहा पिते आणि दिवसभरातला तोच माझा सर्वांत सुखाचा वेळ असतो. तसं तिला म्हटलं, तर म्हणाली, “तू वेगळी आहेस.” मी वेगळी वगैरे काही नाही. मला फक्त एकदा चांगला धडा मिळालेला आहे. तो तिला सांगायला बसले आणि द्राक्षांची वाटी संपली तरी सांगणं संपलं नाही, म्हणून आता लिहायला घेतलं.

ऐंशी सालाच्या आसपासचे दिवस. मी निफाडजवळच्या खेड्यातली. नाशिक रोडला मामाकडे राहून बी.एस्सी. करत होते. कॉलेजात आमचं एक चित्रपट मंडळ होतं. मंडळ म्हणजे एक पडदा, एक उसना प्रोजेक्टर आणि परदेशी सिनेमे बघून आल्यावर आठवडाभर भुवया उंचावून बोलणारी काही मुलं. मुलगी मी एकटीच. त्यातल्या इक्बालच्या थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यानं लग्नांसाठी एक सुपर एट कॅमेरा आणला होता. लग्नं नसतील त्या दिवशी तो आमच्या हाती लागायचा. त्याच्या फिल्मवर फक्त चित्र उमटायचं. आवाज वेगळा, कॅसेटवर. पडद्यावर चित्र सुरू झालं की एकानं ‘हां’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं टेपचं बटण दाबायचं. आमचं सगळं तंत्रज्ञान या ‘हां’वर उभं होतं.

दिलीप, म्हणजे आमचा दिल्या, दिग्दर्शक. इक्बालकडे कॅमेरा आणि प्रोजेक्टर. आवाजाचं खातं माझ्याकडे आलं, कारण मामाकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि मला माझ्या कानांबद्दल पक्की खात्री होती. तशी खात्री मला तेव्हा जवळपास सगळ्याच गोष्टींबद्दल असायची. आजही फारशी कमी झालेली नाही.

फिल्म होती अण्णांवर. अण्णा म्हणजे दिल्याचे वडील, प्रेसमध्ये मशीनवर कामाला. नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. तिथे नोटा छापतात हे सगळ्यांना माहीत आणि आत काय चालतं हे कुणालाच नाही. अण्णांना विचारलं, “काय करता?” तर म्हणत, “छापतो.” पुढे काही नाही. आयुष्यभर कामाबद्दल गप्प राहायची सवय झालेला माणूस घरीही गप्पच असायचा. बोलण्याची सगळी जबाबदारी दिल्याच्या आईवर, मी त्यांना मावशी म्हणायचे, आणि त्या ती दोघांपुरती पार पाडत.

त्या मार्चच्या एकतीस तारखेला अण्णा निवृत्त होणार होते. त्यांच्या कामगार कॉलनीत बोललं जायचं, प्रेसचा भोंगा बंद झाला की माणूसही बंद होतो. म्हणायला ती चेष्टा, पण समोरच्या क्वार्टरमधले तात्या आदल्या वर्षी निवृत्त झाले आणि दिवाळीलाही उरले नाहीत. अण्णांचे ते मित्र. तेव्हापासून अण्णा सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहाटे उठून दाढी करायचे, शर्ट घालायचे, बूट चढवायचे आणि खाटेच्या कडेवर बसून राहायचे. “आता काय, रोजच रविवार,” असं मावशी एकदा सहज म्हणाल्या, तर ताट सरकवून उठून गेले.

“मंदे, अण्णा नीट जेवत नाहीत गं,” दिल्या मला कँटीनमध्ये म्हणाला. “त्यांना वाटतं आपण संपलो. मला त्यांना ते स्वतः कसे दिसतात ते एकदा दाखवायचंय. निरोप समारंभात, सगळ्यांसमोर.”

दिल्या एका वेळी एवढं कधी बोलत नसे. म्हणून मी लगेच हो म्हटलं. परीक्षा तोंडावर होती, पण परीक्षा काय, दरवर्षी असतात.

कॅमेरा प्रेसच्या गेटच्या जवळपासही न्यायची सोय नव्हती. त्यामुळे काम करणाऱ्या माणसावरच्या आमच्या फिल्ममध्ये काम नव्हतंच. होतं ते फक्त कामाला निघणं. खिडकीच्या गजाला आरसा अडकवून अण्णा दाढी करतात. बुटाला पॉलिश करतात, आधी डावा मग उजवा. मावशी डबा भरतात आणि झाकण तळहातानं ठोकून बसवतात. अण्णा सायकलच्या चाकात हवा भरतात, पँटच्या पायाला क्लिप लावतात, कडुलिंबाच्या कोपऱ्यावर वळतात आणि दिसेनासे होतात. एवढीच फिल्म. पहिल्या दिवशी अण्णा नवा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर सावधान उभे राहिले होते.

“अण्णा, कॅमेऱ्याकडे बघू नका.”

“मंग कुणाकडं बघू? हितं दुसरं हाय कोण?”

हळूहळू त्यांना सवय झाली. फिल्म महाग, त्यामुळे एकदा घेतलेलं परत घेणं नाही. मला त्या सकाळी अजून आठवतात. कॉलनीत बंब पेटलेले, त्यांचा धूर, साबणाच्या फेसाचा वास, आणि माझ्या पिशवीत आईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर गावाहून पाठवलेली द्राक्षं. मावशी ती मिठाच्या पाण्यात धुवायच्या आणि पहिला घड बुद्धाच्या फोटोसमोर ठेवायच्या. मग आम्ही तिघं ओट्यावर बसून खायचो, बिया नसलेल्या द्राक्षातही इक्बालला हटकून बी सापडायची. मी इतकी सुखात होते, की परीक्षेची भीती मला त्या दिवसांत फक्त जेवणानंतर वाटायची.

‘मूड’ हा शब्द आम्हाला तेव्हा नुकताच सापडला होता आणि नवी चप्पल घरातही घालून फिरावं तसा आम्ही तो कुठेही वापरत होतो. फिल्मचा मूड काय? निरोपाचा. निरोप म्हणजे करुण. करुण म्हणजे सारंगी. हे समीकरण मी एका दमात सोडवलं आणि कुणीही शंका काढली नाही. मामाकडे सारंगीची एक रेकॉर्ड होती. ती लावून, समोर टेपरेकॉर्डर ठेवून मी ती कॅसेटवर उतरवली. कुकरची शिट्टी मध्ये येऊ नये म्हणून मामीला स्वयंपाक करू दिला नाही, मामा दुपारी उशिरापर्यंत उपाशी राहिला. आणि ती सारंगी त्या चित्रांवर बसलीही सुरेख. गालावरचा फेस पुसणारा अण्णांचा हात आणि त्याखालून सरकत गेलेला तो लांब सूर. इक्बालचे डोळे भरून आले. इक्बालचे डोळे तसे कशानंही भरायचे, पण मी ते कौतुक समजले.

एक गोष्ट मात्र आम्ही साफ विसरलो होतो. त्या काळी देशात कुणी मोठा माणूस गेला, की रेडिओवरचे नेहमीचे कार्यक्रम बंद होत आणि दिवसभर सारंगी वाजत राही. कित्येकदा बातमी नंतर कळायची, सारंगी आधी. गाण्यांच्या वेळेला सारंगी लागली की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघत आणि विचारत, “कोण गेलं?” आमच्या तिघांच्याही घरी हे घडलेलं होतं. तरी कुणाला आठवलं नाही, कारण आम्ही मूडमध्ये होतो.

पहिली तालीम दिल्याच्या क्वार्टरमध्ये केली. शनिवारची दुपार, अण्णा पहिल्या पाळीला गेलेले. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. इक्बालनं ‘हां’ म्हटलं, मी बटण दाबलं. आवाज पूर्ण मोठा ठेवला होता, कारण प्रोजेक्टरची घरघर त्याखाली दडपायची होती. चादरीवर अण्णा दाढी करू लागले आणि सारंगी वरच्या जाळीतून बाहेर पडून कॉलनीभर गेली.

बाहेर काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. शेजारच्या बाईंनी स्टोव्ह विझवला. पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी थांबवली. किराणा दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. प्रत्येकानं आपापला ट्रान्झिस्टर लावून पाहिला, पण दुपारच्या त्या वेळेला आमच्याकडे लागणारं केंद्र बंद असायचं, त्यामुळे नुसती खरखर. आणि इकडे अण्णांच्या घरातून सारंगी अगदी स्वच्छ. म्हणजे अण्णांच्या रेडिओला थेट दिल्ली लागतेय! बातमी ऐकायला माणसं दारात जमू लागली. कुणीतरी एक नाव घेतलं, दुसऱ्यानं ते पक्कं केलं, आणि एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून चक्क रडायला लागले. बाकीचे टोप्या हातात घेऊन गप्प उभे राहिले.

नेमके तेव्हाच अण्णा पाळी संपवून कोपऱ्यावर वळले. त्यांना काय दिसलं असेल? स्वतःच्या दारात माणसं. टोप्या हातात. कुणी बोलत नाही. आतून सारंगी.

सायकल तशीच टाकून ते आत घुसले. दार उघडल्याबरोबर उन्हाचा पट्टा आमच्या अंगावर पडला. अण्णांनी आधी मावशींकडे पाहिलं, मग दिल्याकडे. त्यांना धाप लागली होती.

“सगळे तर हायत हितं,” ते म्हणाले. “मंग गेलं कोण?”

आणि मग त्यांचं लक्ष चादरीकडे गेलं. तिथे ते स्वतः होते. खिडकीशी उभे राहून शांतपणे दाढी करत होते.

“मी गेलो का रे?”

आम्ही हसलो. आधी मावशी, मग इक्बाल, मग मी. हसताना लक्षात आलं की अण्णा हसत नाहीत. ते उंबऱ्यावर बसले, बुटांसकट, आणि पुढचं सगळं बघत राहिले. बूट, डबा, सायकल, कडुलिंब. ते कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले आणि सारंगी वाजतच राहिली. बंद करायचं मला सुचलंच नाही.

“अण्णा, कोण गेलं हो?” बाहेरून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

“कोणी नाय गेलं. जा घरी. पोरांची टेप हाय.”

माणसं पांगली, थोडी हिरमुसलीच. मग अण्णा दिल्याला म्हणाले, “एकतीस तारखेला हे लावायचं नाय.”

“अण्णा, तुमच्यासाठीच तर...”

“भोंग्यानंतर माणसाचं काय होतं ते तात्याचं बघितलंय मी. ते परत चादरीवर कशाला? माझ्या जलदानाला लावा पाहिजे तर.”

जलदान म्हणजे बौद्ध घरांत माणूस गेल्यानंतर करतात तो विधी. मावशी एकदम म्हणाल्या, “अहो, काय बोलता!” दिल्यानं चादर काढली, तिची टोकं जुळवली आणि घडी घालत बसला. ती घडी काही केल्या संपेना. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. अण्णांना धीर द्यायला निघालेला मुलगा, आणि आम्ही त्याच्या बापाला त्याचं मरण दाखवून बसलो होतो. पण हातपाय गाळणं माझ्या स्वभावात नाही. बाहेर आल्यावर मी दिल्याला म्हटलं, “चित्रात काही वाईट नाही. मूड माझ्या खात्याचा आहे. एकतीसला फिल्म लागणार.”

बोलून बसले, मग शोधायला लागले. आणि शोधताना कळलं, की आपल्याकडे वाद्यांच्या नोकऱ्या ठरलेल्या असतात आणि त्यांची बदली होत नाही. बासरी शेतकी खात्यात. ती वाजली की पडद्यावर कुणीतरी पिकाला पाणी सोडणार. सतार थिएटरात, जाहिराती सुरू होण्यापूर्वी. सनई मंगल कार्यालयात कायम. व्हायोलिन लागलं की कुणाला तरी वाईट बातमीचं पत्र आलेलं असतं. नाशिकचा ढोल लावावा, तर अण्णांची दाढी राहील बाजूला आणि माणसं खुर्च्या सरकवून नाचायला लागतील. मी एकेक वाद्य मनातल्या मनात अण्णांच्या गालावर फिरवून बघत होते आणि प्रत्येक वेळी अण्णा दुसरेच कुणीतरी होत होते. कधी शेतकरी, कधी नवरामुलगा.

सईला मी हेच सांगितलं. चित्र नुसतं म्हणतं, बघ, हा माणूस बूट पुसतोय. संगीत म्हणतं, तू कशाला त्रास घेतोस, तुला काय वाटायला हवं ते मी सांगते. आणि माणसं आळशी असतात, ती सांगणाऱ्याचं ऐकतात. दोन मिनिटं सूर लावला की चांगल्या धडधाकट माणसाला आपण बिचारा करून टाकू शकतो. बिचारा करणं तर सगळ्यांत सोपं. त्याला ना अक्कल लागते ना कान.

मार्चमधल्या एका रविवारी कॉलनीच्या मैदानावर लग्न होतं. बौद्ध लग्नाला मुहूर्ताची भानगड नसते, सगळ्यांना सुट्टी तो मुहूर्त. बँड मनमाडहून आला होता. काहीतरी दणदणीत, उजळ मिळेल म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन बँडवाल्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बँड कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो, म्हणून आधीच बटण दाबून ठेवलं. त्यांनी अर्ध्या तासाचं गाणं वाजवलं, वऱ्हाड नाचलं, मी जेवून घरी आले.

संध्याकाळी अपवर्तनाचा धडा समोर ठेवून कॅसेट लावली. गाणं सिनेमाचं होतं, अख्ख्या मैदानाला पाठ. पहिल्या ओळीलाच टेपवर सगळी माणसं गात होती. अण्णांच्या बुटावर हे लावलं असतं तर बघणाऱ्यांनीही सूर धरला असता. निकामी. मी वैतागून कॅसेट पार मागे नेली आणि परत लावली, आणि या वेळी गाण्याच्या आधीचं ऐकलं.

वर्तमानपत्राचा कागद पेटल्याचा आवाज. बँडवाले ढोलकीचं कातडं शेकत होते. मग बोटाची एक टिचकी, थांबून दुसरी. क्लॅरिनेटवाला एक सूर फुंकतो, त्याला तो पटत नाही, परत फुंकतो, पायरीपायरीनं वर चढतो आणि मध्येच सोडून देतो. ट्रंपेटमधली थुंकी झटकल्याचा आवाज. मोठ्या ढोलाचा एकच ठोका. “अरे थांब की!” कुणीतरी म्हणतं. कुणीतरी हसतं. परत क्लॅरिनेट, आता थोडा अधिक विश्वासानं. मी पेन्सिल खाली ठेवली. टेबलाखाली माझा पाय हलत होता आणि अजून ठेकाही सुरू झाला नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी मामीला जाऊन मिठीच मारली. मामीनं विचारलं, “पेपर पुढे गेला का गं?”

दिल्याला ऐकवलं तर तो म्हणाला, “हे काय? हे तर वाजवायच्या आधीचं आहे.”

“तेच तर.”

“लोक हसतील. म्हणतील, चुकून रेकॉर्ड झालंय.”

“चुकूनच झालंय. पण ऐक ना. सारंगी काय सांगते? झालं, संपलं. हे काय सांगतं? होणार आहे. अण्णा तुझ्या फिल्ममध्ये काय करतायत? तयारी करतायत. कामाला जाणारा माणूस आहे तो, कामावरून हाकललेला नाही.”

“पण आता जाणार नाहीत ना ते कामाला.”

“मग दुसरीकडे कुठेतरी जातील. पाय मोडलेत का त्यांचे?”

शेवटी त्यानं अण्णांना विचारायचं कबूल केलं. अण्णांनी कॅसेट ऐकायला साफ नकार दिला. “तुम्हाला लावायचं तर लावा,” ते म्हणाले. “मैदान काय माझ्या एकट्याचं नाय. पण ते रडगाणं निघालं ना, तर मी उठून जाईन. मंग लोकं काय म्हणायचं ते म्हणू द्या.” दिल्याला त्या रात्री झोप आली नसावी. मला आली. मी माझ्या कानांवर निर्धास्त होते. पण खोटं कशाला सांगू, समारंभाच्या दिवशी सकाळी मीही ती कॅसेट तीनदा लावून बघितली.

एकतीसला संध्याकाळी मैदानावर खुर्च्या मांडल्या, दोन बांबूंना मोठी चादर बांधली. सगळीकडून “जयभीम अण्णा” चाललं होतं. अण्णांना शाल दिली, हार घातला, आणि सोबतच्या कामगारांनी मिळून घेतलेली एक आरामखुर्ची पुढे आणून त्यांना तिच्यात बसवलं. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, छान होती. पण तिच्यात ताठ बसता येत नाही, ती माणसाला आपोआप मागे पाडते. मग भाषणं झाली. अण्णांनी खूप कष्ट केले, अण्णांनी आता विश्रांती घ्यावी. अण्णांनी निवांत बसावं. अण्णांनी तब्येतीला जपावं. प्रत्येक भाषणागणिक अण्णा त्या कापडात थोडे आणखी खाली जात होते. सगळी माणसं प्रेमानंच बोलत होती. सुरुवातीला आम्हीही प्रेमानंच सारंगी लावली होती.

अंधार पडल्यावर इक्बालनं ‘हां’ म्हटलं. मी बटण दाबलं.

चादरीवर अण्णांनी गालाला फेस लावला आणि कागद पेटल्याचा आवाज झाला. मैदानातून हसण्याची एक लाट गेली. “अरे, हा तर आपल्या लग्नातला बँड!” कुणीतरी ओरडलं. दिल्यानं डोळे मिटून घेतले. मग क्लॅरिनेट वर चढू लागला, आणि अण्णांचा वस्तरा कानाशी टेकला, आणि सूर थांबला. वस्तरा खाली आला. हे आम्ही जुळवलेलं नव्हतं, ते आपलं आपण जुळलं होतं. हसणं थांबलं. बुटावर ब्रश फिरला, ढोलकीवर टिचकी पडली. “अरे थांब की!” टेपवरचा माणूस म्हणाला आणि नेमक्या त्याच वेळी मावशींनी डब्याचं झाकण तळहातानं ठोकलं. आता परत हसले सगळे, पण वेगळं. खुर्च्यांवरची माणसं पुढे झुकली होती. हवा भरण्याच्या पंपाबरोबर अण्णांचे खांदे वरखाली व्हायला लागले तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, “हां, चला आता!” मोठ्या ढोलाचा ठोका पडला. अण्णा सायकलवर बसले, कडुलिंबाशी वळले आणि दिसेनासे झाले.

चादर पांढरी झाली. टेप मात्र चालूच होती. पांढरं झालं की लगेच बंद करायचं, असं आमचं ठरलं होतं, कारण पुढे गाणं होतं. माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेत आरामखुर्ची करकरली आणि अण्णा उठले.

“गेलं,” दिल्या पुटपुटला. त्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बटण दाबायचं राहूनच गेलं.

अण्णांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला त्या कापडातून बाहेर काढलं. गळ्यातला हार काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला. शर्ट खाली ओढून नीट केला. टेपवर क्लॅरिनेटवाल्यानं आता पूर्ण चढण चढून शेवटचा सूर धरला होता.

“अहो, कुठं निघालात?” मावशींनी घाबरून विचारलं. “बसा ना.”

“बसून कसं चालंल?” अण्णा म्हणाले. “आता सुरू करतील ना ते.”

दिल्यानं माझं मनगट सोडलं. मी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि गाणं येऊ दिलं.

अण्णा पुढची खूप वर्षं जगले. त्या एप्रिलमध्ये मी पेपर देऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते सायकलवरून कुठेतरी निघाले होते. कुठे ते विचारलं तर म्हणाले, “जातो.” आरामखुर्ची अंगणात होती. मावशींनी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.